भाऊ, पाणी गेलं!

डॉ. हेमांगींनी सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पाणी कमी आहे."

प्रभाकर टेंबे, म्हणजे घराचे आणि सोसायटीचे भाऊ, यांनी हे वाक्य आयुष्यभर ऐकलं होतं. पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून चिकटले त्या दिवसापासून निरोपसमारंभाच्या भाषणांपर्यंत लोकांनी त्यांना दुसरं काही सांगितलंच नव्हतं. त्यामुळे सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कितव्या मजल्यावर?"

सून ऋजुता खाली मान घालून बसली होती. मुलगा सलिल याने बापाकडे असं काही बघितलं की भाऊंनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"पोटातलं पाणी, काका," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाभोवतीचं. त्यातलं बरंचसं म्हणजे बाळाचीच शू असते. ते कमी आहे म्हणजे एक तर कुठून तरी झिरपतंय, नाहीतर बाळाला शूच कमी होतेय. मूत्रपिंडं दिसतायत दोन्ही. पण ती काम कितपत करतायत, ते बाळ बाहेर आल्यावरच कळेल."

"मोजता कसं हे पाणी?" भाऊंनी विचारलं.

"सेंटिमीटरमध्ये."

इतका वेळ कळेनासं झालेलं जग भाऊंना एकदम ओळखीचं वाटलं. ते पुढे सरसावले. "म्हणजे धरणासारखंच की! आणि मृतसाठा कितीला धरता?"

मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाशी उरलेलं, दरवाजापर्यंत न पोचणारं पाणी. खात्यात हा शब्द लोक चहा पिता पिता वापरतात. पण त्या खोलीत तो पडला आणि सलिलने मान फिरवली. ऋजुताचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून टेंब्यांच्या घरात त्या अर्थाचा एकही शब्द कोणी उच्चारला नव्हता. भाऊंच्या पत्नी शुभदाताई तर पेपरातलं निधनवार्तांचं पान काढून मगच पेपर बाहेरच्या खोलीत ठेवत. ऋजुताने पोटावर हात ठेवला. भाऊंना आपली जीभ चावावीशी वाटली.

"भरपूर पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडून राहायचं, दर आठवड्याला दाखवायचं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पाणी गेलं, तर एक मिनिट घालवायचं नाही. माझ्याकडे नवजात बाळाला ठेवायची सोय नाही. थेट ठाण्याला, माजिवड्याच्या हॉस्पिटलात. मी तिथे येते."

भाऊंनी मान हलवली. सगळं त्यांच्या नीट लक्षात राहिलं. लक्षात राहूनही पुढे जे झालं, ते झालंच.

डोंबिवलीला घरी आल्या आल्या ऋजुताला पाणी पाजायचं खातं उघडलं गेलं. सलिलने तिच्या फोनवर एक ॲप टाकलं, ते दर तासाला थेंब पडल्यासारखा आवाज करी. शुभदाताईंनी शहाळ्यांचा रतीब लावला. आणि भाऊंनी काचेचा एक मोठा जग घेऊन त्यावर सुनेच्याच लाल नेलपॉलिशने रेघा मारल्या. नाश्त्यापर्यंत इथवर, जेवणापर्यंत इथवर, चहाच्या वेळी तळ दिसला पाहिजे. जाता येता ते वाकून पातळी बघत.

"प्यायलीस का गं?"

"प्यायले, भाऊ."

"रेघेच्या वर दिसतंय."

"पिते हो."

आत जाणारं पाणी मोजलं की बाहेर येणारंही मोजलं पाहिजे, हा खात्याचा नियम. तसं त्यांनी एकदा बायकोजवळ बोलून पाहिलं. शुभदाताईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "सुनेला असलं काही विचारलंत तर बघा! लाज आहे की नाही काही? सासरे आहात तुम्ही तिचे!" भाऊ वरमले. सासऱ्याने सुनेच्या बाबतीत काही गोष्टी विचारायच्या नसतात आणि सुनेने सासऱ्याला काही गोष्टी सांगायच्या नसतात, ही त्या घराची रीत होती. ती पुढे भलतीच महागात पडली.

जग रोज रिकामा होत होता, पण सोनोग्राफीतली पातळी वर यायचं नाव घेईना. खात्यात असं झालं की अनुमान एकच निघतं. गळती. भाऊ गळती शोधायला लागले आणि ती त्यांना बाल्कनीत सापडली. शुभदाताईंची तुळस मुळापासून कुजली होती. पानं काळी पडलेली, कुंडीत चिखल. शुभदाताई ती बघून मनातून हादरल्या. त्यांनी देवापुढचा दिवा दिवसभर विझू दिला नाही. भाऊंनी मात्र दुपारी झोपेचं सोंग घेऊन पाहिलं. ऋजुता उठली, दोन घोट प्यायली, तिला मळमळलं, आणि उरलेला पेला तिने हळूच कुंडीत ओतला. मग तुळशीकडे बघत उभी राहिली आणि पदराने डोळे टिपले.

भाऊ कोणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जग वरच्या रेघेच्या एक बोट खाली भरायला सुरुवात केली, इतकंच.

मग तो शुक्रवार उजाडला. त्या दिवशी दुरुस्तीसाठी दिवसभर पाणी बंद असल्याचं आधीच जाहीर झालं होतं. सलिल गाडी घेऊन ठाण्याला ऑफिसला गेलेला. शुभदाताई भाजीला. भाऊ स्वयंपाकघरात भरलेल्या बादल्यांवरून समाधानाने नजर फिरवत होते, तेवढ्यात बाथरूममधून हाक आली.

"भाऊ!"

"काय गं?"

"भाऊ, पाणी गेलं!"

"जाणारच. आज शुक्रवार ना."

"अहो भाऊ, पाणी गेलं!"

"अगं, उद्यापर्यंत नाही येणार ते. पिंप भरलंय, तिथेच दोन बादल्या आहेत बघ, घे त्यातलं."

दाराच्या आतल्या बाजूला एक घाबरलेली मुलगी ओल्या फरशीवर उभी होती. सासऱ्याला सांगता येईल असा शब्द तिला सापडत नव्हता.

"तसं नाही हो. माझं पाणी..."

"तुझं पिण्याचं वेगळं काढलंय. झाकून ठेवलंय. त्याला कोणी हात लावणार नाही."

"सगळं गेलं भाऊ!" आणि तिला रडूच फुटलं.

भाऊंचं काळीज हललं. पाणीकपातीने माणसं चिडतात, शिव्या देतात, मोर्चे काढतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण पाणी गेलं म्हणून कोणी इतकं जिवाच्या आकांताने रडताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. "रडू नकोस बाळा," ते दाराशी जाऊन म्हणाले. "मी आत्ता टँकर मागवतो. तुला पाण्यावाचून ठेवीन का मी?" आणि चपला अडकवून ते खाली गेले. जाताना त्यांना आपण सासरा म्हणून बरे आहोत असंही वाटलं, हे सांगायला हवं.

खाली जाऊन त्यांनी आधी टँकरवाल्या आनंदाला फोन लावला. मग 'नीलधारा पाणी' या सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीची सूचना टाकली. "पाणी गेलं. टँकर सांगितला आहे. प्र. टेंबे." खिशातला फोन दोनदा वाजला. ऋजुताचा होता. दोन्ही वेळा भाऊंनी उचलून एवढंच सांगितलं, "निघालाय गं तो, येतोच आहे," आणि वॉचमन तानाजीला गेटसमोरच्या स्कूटर हलवायला लावल्या. टँकर आला. भाऊ हातवारे करत तो मागे घेऊ लागले. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!"

त्याच वेळी शुभदाताई भाजीची पिशवी घेऊन रिक्षातून उतरल्या, वर गेल्या आणि पुढच्याच मिनिटाला दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आल्या.

"अहो! पाणी गेलं!"

"माहितेय!" भाऊ खालून ओरडले. "टँकर आलाय बघ!"

"अहो, पाणी गेलं म्हणते मी!"

"अगं हो! चार बादल्या आधी तुलाच देतो!"

मग शुभदाताईंनी उभ्या जन्मात जी रीत मोडली नव्हती ती मोडली. सगळी बिल्डिंग ऐकेल अशा आवाजात त्या ओरडल्या, "नळाचं नव्हे हो! सुनेचं!"

टँकर दाखवायला वर गेलेला भाऊंचा हात तसाच वर राहिला.

मग एकच धावपळ उडाली. भाऊंनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, शीळफाट्याला अडकलोय. पुढचा काय हलत नाहीये." टॅक्सीवाल्यांनी ठाणे बघून एकामागून एक भाडं रद्द केलं. रिक्षावाल्याने ठाण्याचं नाव ऐकलं आणि मान हलवून तो निघूनच गेला. सलिल फोन उचलत नव्हता. ऋजुताला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तानाजीने आणि शुभदाताईंनी लिफ्टने खाली आणलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती फक्त एवढंच म्हणत होती, "हलत नाहीये. आई, ते हलत नाहीये."

टँकरवाला आनंदा पुढे आला. "काका, बसवा ताईला माज्या गारीत. मागं झोपाया जागा हाय. पान्याच्या गारीला कोन नाय अडवत."

"भरलेला टँकर धावणार कसा?" भाऊ म्हणाले.

"मंग रिकामा करू ना."

खाली तोवर अख्खी सोसायटी बादल्या, कळश्या, घमेली घेऊन रांगेत उभी होती. टाकीत पाणी सोडत बसायला वेळ नव्हता. जन्मभर ठिबकणारा नळ दिसला तर दुसऱ्याच्या घरात शिरून बंद करणाऱ्या प्रभाकर टेंबे यांनी टँकरचा मागचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी धरला आणि पुरता उघडला. पाण्याचा लोट रस्त्यावर पडला आणि गटाराकडे धावला.

"टेंबेकाका! वेड लागलं का?" तिसऱ्या मजल्यावरची मृणाल किंचाळली. "अहो, थेंब नाहीये घरात!"

काही जण बादल्या घेऊन लोटात घुसले. कोणी घसरून पडलं. भाऊ व्हॉल्व्ह धरून उभे होते, गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि त्यांना एकच दिसत होतं. हे असंच सगळं तिचं वाहून गेलं, आणि आपण तिला दोन बादल्या दाखवल्या.

आनंदाचं म्हणणं मात्र खरं निघालं. शीळफाट्यावर गाड्यांची ही गर्दी, पण टँकरचा हॉर्न ऐकला की जो तो गाडी बाजूला घेत होता. टँकर अडवला तर आपल्याच घरी पाणी पोचणार नाही, अशी प्रत्येकाला धास्ती. एकाने तर काच खाली करून हात जोडले. त्याच चौकात समोरून येणारी त्यांची ॲम्ब्युलन्स वरचा दिवा फिरवत उभी होती. तिला कोणी इंचभर वाट देत नव्हतं.

केबिनमध्ये मागच्या फळीवर ऋजुता आडवी होती. डोकं शुभदाताईंच्या मांडीवर आणि भाऊ पायाशी उकिडवे बसलेले.

"भाऊ," ती म्हणाली, "मी पाणी तुळशीला घालायचे. उलटी व्हायची म्हणून. त्यानेच झालं का हो हे?"

"नाही गं."

"तुम्ही रोज रेघ बघायचात. मी फसवलं तुम्हाला."

"मला माहीत होतं," भाऊ म्हणाले. "मी जग कमीच भरायचो."

शुभदाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग सुनेकडे. तुळशीचं कोडं त्यांना त्या दिवशी, मुंब्र्याच्या बायपासवर, टँकरमध्ये सुटलं. त्यांनी ऋजुताच्या केसांतून हात फिरवला.

हॉस्पिटलात बाळाचे ठोके मंदावलेले निघाले. ताबडतोब ऑपरेशन झालं. मुलगी झाली. रडली, पण अगदी बारीक. तिला लगेच काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. डॉ. हेमांगी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "यायला वेळ का लागला एवढा?"

सलिल धावत आला तो बापावरच भडकला. "भाऊ, ती तुम्हाला सांगत होती! पाणी गेलं म्हणजे काय ते कळत नाही तुम्हाला?"

भाऊ उभे राहून ऐकत होते. बचाव नव्हताच. पण संध्याकाळी ऋजुता बोलण्याच्या स्थितीत आली तेव्हा तिने नवऱ्यापुढे आपला फोन धरला. तिने त्यालाही तेच लिहिलं होतं, "पाणी गेलं." खाली सलिलचं उत्तर होतं, "भाऊंना सांग, टँकर मागवतील," आणि त्यापुढे अंगठा.

"मी दोघांनाही सांगितलं होतं," ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "एकाने टँकर मागवला. दुसऱ्याने अंगठा दाखवला."

सलिल जाऊन भाऊंच्या शेजारी बाकावर बसला. बापलेक त्यानंतर एकाच बाकावर बसून राहिले.

दुसरा दिवस उजाडला आणि सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं. बाळाला अजून शू झाली नव्हती.

"वाट बघू," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या दिवशी काहींना होत नाही. पण हिच्या बाबतीत मला ती बघायचीच आहे. तिच्यावरच बरंचसं अवलंबून आहे."

"आणि नाही झाली तर?" भाऊंनी विचारलं.

डॉक्टरांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि भाऊंना तोच हात सगळ्यात वाईट वाटला. मृतसाठा हा शब्द त्यांना आता डोक्यातून काढता येईना.

इकडे खोलीत दुसरंच चाललं होतं. इतके दिवस सुनेच्या घशात पाणी ओतणाऱ्या शुभदाताई बाळंतपण होताक्षणी पालटल्या. त्यांनी पाण्याचा जग उचलून कपाटात ठेवला होता. बाळंतिणीला पाणी द्यायचं नसतं. पोट सुटतं, बाळाला सर्दी होते. मिळेल ते वाटीभर ओव्याचं, कोमट.

"आई, तहान लागलीय हो," ऋजुता म्हणत होती.

"सोसायची असते बाळंतिणीने. आम्ही नाही सोसली?"

नर्स सोनल बाळासाठी दूध काढून न्यायला आली होती. वाटीत दोन थेंब. "अहो काकू, हिला पाणीच देत नाही तुम्ही? मग दूध कसं येणार? आणि दूध नाही तर बाळ शू कशाची करणार?"

"आमच्यात नाही देत."

दारात उभे असलेले भाऊ आत आले. संसारात त्यांनी बायकोच्या हातातली वस्तू कधी काढून घेतली नव्हती. त्यांनी कपाट उघडलं, जग काढला, पेला भरला आणि सुनेच्या हातात दिला. "शुभदा," ते म्हणाले, "वरून बंद केलंस तर खाली कुठून येईल?"

ऋजुता प्यायली. पहिल्यांदाच कोणी रेघ न बघता तिला पाणी दिलं होतं. तिने दुसरा पेला मागितला. वाटीत दूध थोडं वाढलं. नर्सने ते नळीने बाळाला दिलं. आणि सगळे पुन्हा बाहेर बाकावर येऊन बसले. शुभदाताई जप करत होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर भाऊंना शिव्यांची लाखोली वाहिली जात होती, कारण दुरुस्ती लांबली होती, नळ अजून कोरडेच होते आणि टँकर टेंब्यांनी गटारात सोडला होता. भाऊंनी सगळं वाचलं. त्यांना ते योग्यच वाटलं.

दुपार कलली तेव्हा काचेच्या दारातून सलिल बाहेर आला.

"भाऊ," तो म्हणाला, "पाणी आलं."

या वेळी भाऊंना बरोबर समजलं. शुभदाताईंनी जपाची माळ डोळ्यांना लावली. भाऊंना वाटलं, आधी आंबिवलीच्या बहिणीला, शालनला कळवावं, तिने उपास धरला होता. त्यांनी फोन काढला, दोनच शब्द लिहिले आणि पाठवून दिले. डोळ्यांत पाणी होतं आणि बोटांना वर्षानुवर्षांची सवय. निरोप कुठे गेला ते त्यांनी बघितलं नाही.

थोड्याच वेळात तानाजीचा फोन आला.

"साहेब, तुमचा मेसेज वाचून समद्यांनी नळ सोडून ठेवल्यात. मी मोटार बी लावली. मोटार नुसती हवा खातीया. पानी कुठं आलंय?"

"माजिवड्याला," भाऊ म्हणाले. "मोटार बंद कर आधी, जळेल."

त्यांनी ग्रुप उघडला. "पाणी आलं" या त्यांच्या सूचनेखाली मृणालने लिहिलं होतं, "काका, काल टँकर ओतलात, आज थापा मारताय? एक थेंब नाहीये!" भाऊंनी चष्मा पुसला आणि एका एका अक्षरावर बोट ठेवत दुरुस्ती पाठवली. "खुलासा. पाणी सोसायटीला आलेले नाही. आमच्या नातीला शू झाली आहे. कृपया सर्वांनी नळ बंद ठेवावेत. प्र. टेंबे."

मग तिसऱ्या मजल्यावरून मृणालचा एकच प्रश्न आला.

"प्रेशर कसं आहे?"

भाऊ उठून काचेपाशी गेले. आत नर्स सोनल दुपटं बदलत होती. तिने ओलं दुपटं उचलून त्यांना लांबूनच दाखवलं.

त्यांनी लिहिलं, "उत्तम."